चिठ्ठीवरची अक्षरं

गंजगोलाईतल्या आमच्या दुकानात पाटी आहे: एकच भाव.
अप्पांच्या वडलांच्या वेळची, काचेवर, लाल रंगात.
'भा'चा काना पुसून गेलाय,
त्यामुळे नवं माणूस 'एकच भव' वाचतं.
तेही काही खोटं नाही.

साडीच्या घडीत चिठ्ठी असते.
वर छापील किंमत, खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन अक्षरं.
गिऱ्हाइकाला वाटतं, रंगाचा नंबर असेल.
ती आमची खरेदी.
दहा आकड्यांची दहा अक्षरं मन्मथअप्पांनी मला
चौथ्या वर्षी, शटर ओढून, कानात सांगितली,
मंत्र द्यावा तशी.
तेव्हापासून प्रत्येक साडी मला दोन आवाजांत ऐकू येते.

गुत्तेदार बिराजदारांच्या बाईसाहेब यायच्या असल्या
की आधी फोन येतो.
गादीवरची चादर बदलते.
एरवी बिलाला भिणारा एसी सुरू होतो,
समोरून बदामाचं दूध येतं.
त्या भाव विचारत नाहीत,
म्हणून अप्पा कमी सांगतात.
"घरचंच आहे की," म्हणतात,
आणि माझ्याकडे न बघता दोन बोटं खाली करतात,
म्हणजे अक्षरांच्या वर फक्त दोन टक्के.
फॉल-पिको आमच्याकडून.
एकदा एक पैठणी नेसून, मिरवून,
हळदीचा डाग घेऊन परत आली.
"रंग नाही का आवडला?" म्हणत आम्ही ठेवून घेतली.
पुढल्या महिन्यात ती गेली उदगीरला,
एका मास्तरांच्या घरी. छापील भावात.
आणि बाईसाहेबांची उधारी नसते कधी.
त्यांचं खातं असतं.

अयोध्याबाई आल्या चाकूरच्या पहिल्या एसटीनं.
दारात चपला काढल्या,
आमच्याकडे कुणी काढत नाही.
भाचीला आहेर करायचा होता.
अकरा साड्या उलगडल्या, बाराव्यावर हात थांबला.
छापील सहाशे चाळीस.
कोपऱ्यात अक्षरं म्हणत होती, चारशे दहा.
"धा रुपये तरी सोडा की, दादा."
मी पाटीकडे बोट केलं.
त्यांनी पाटी वाचली नाही, बोट वाचलं.
पिशवी पाच रुपयांची आहे म्हणालो
तर साडी पदराखाली धरून निघाल्या.
चपला उलट्या पायांत घातल्या होत्या, बाहेर जाऊन नीट केल्या.

त्याच संध्याकाळी मला औसा रोडला पाठवलं,
बाईसाहेबांना घरबसल्या माल दाखवायला.
परतताना त्यांच्या ड्रायव्हरनं, मोहसीननं, सोडलं,
त्याला त्याच बाजूला जायचं होतं.
चौकात म्हटलं, थांब जरा, डाळिंबं घेतो.
त्या गाड्यावरून मी सहा वर्षं घेतोय.
एकशे साठ किलो.
मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला,
"साहेब, तुम्हाला एकशे चाळीस."
स्वतः निवडून दिली. वर दोन लिंबं टाकली.
सहा वर्षांत त्यानं मला ओळखलं नव्हतं,
आताही नाही.
मी पांढऱ्या गाडीतून उतरलो होतो, एवढंच.
सांगायला हवं होतं.
पण माझी पाठ आपोआप ताठ झाली
आणि माझ्या तोंडून अप्पांचा आवाज निघाला,
"एक सफरचंद ड्रायव्हरला द्या."
त्याचेही पैसे त्यानं धरले नाहीत.

घरी पद्मिननं विचारलं, केवढ्याला?
एकशे साठ, म्हणालो.
का म्हणालो, माहीत नाही.
वीसची नोट शर्टाच्या खिशात राहिली.
तिच्यात अयोध्याबाईंचे दहा
दोनदा बसले असते.
रात्री शर्ट खुंटीला लावताना ती चाचपून बघितली.
असे पैसे इतके हलके असतात
हे मला पंधरा वर्षं अक्षरं वाचूनही कळलं नव्हतं.

परवा चालत गेलो त्याच गाड्यावर.
एकशे साठ.
डागाळलेली वेगळ्या टोपलीत.
म्हटलं, "धा रुपये तरी..."
आणि वाटलं, आता हा पाटी दाखवणार.
त्याच्याकडे पाटी नव्हती.
त्यानं नुसतं माझ्या खांद्यावरून
मागच्या गाडीकडे बघितलं.